डेट्रॉइटची तेरावी जागा : ठाणेदारांनी ती लढवायला हवी होती का?

दूधगंगा

श्री ठाणेदार निवडून आले की आमच्या चिकोडी-बेळगावकडच्या ग्रुपांवर पेढ्यांचे फोटो फिरतात. 2022 च्या नोव्हेंबरात फिरले, 2024 ला पुन्हा. चिकोडीत जन्म, बेळगावात बालपण, बीएआरसीत (भाभा अणुसंशोधन केंद्रात) नोकरी, 1979 साली अमेरिका, पीएचडी, कंपनी, ती बुडणं, दुसरी उभी करणं आणि शेवटी वॉशिंग्टनचं प्रतिनिधीगृह. आमच्या भागात हुशार पोरांना बक्षीस म्हणून त्यांचं मराठी आत्मचरित्रच मिळतं. कौतुक मलाही आहे.

पण ते ज्या जागेवर बसलेत, म्हणजे मिशिगनचा तेरावा मतदारसंघ, तिथे आधी कोण कोण होतं हे आपल्याकडे कुणी बघत नाही. मी बघितलं, आणि माझं मत बदललं.

1954 पर्यंत ही डेट्रॉइटमधली एक साधी, हेलकावे खाणारी जागा होती. रिपब्लिकन क्लॅरेन्स मॅक्लाउड आणि डेमोक्रॅट जॉर्ज ओब्रायन वर्षानुवर्षं एकमेकांना पाडत होते. 1954 च्या प्राथमिक फेरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) चार्ल्स डिग्ज नावाच्या एकतीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाने ओब्रायनना हरवलं. घरचा धंदा अंत्यविधीचा, वडील राज्याच्या सिनेटमध्ये राहिलेले. मिशिगनमधून काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, गेलेले हे पहिले कृष्णवर्णीय.

शपथ घेऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला. सप्टेंबर 1955 मध्ये समनर गावात खटला उभा राहिला आणि डिग्ज डेट्रॉइटहून तिथे जाऊन बसले. खासदार असूनही त्यांना कृष्णवर्णीय पत्रकारांसाठी बाजूला मांडलेल्या टेबलावर जागा मिळाली. ज्यूरीत सगळे गोरे, आरोपी सुटले. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांना तेव्हा मत टाकणंही जवळपास अशक्य होतं, त्यामुळे त्यांचा म्हणावा असा तिथला खासदारच नव्हता. त्या लोकांसाठी डेट्रॉइटचा खासदार हाच त्यांचा खासदार झाला. ही जागा ‘साधी’ राहिली नाही ती तेव्हापासून.

पुढे 1964 साली शेजारच्या मतदारसंघातून जॉन कॉनयर्स आले. माँटगोमेरीच्या बसमध्ये गोऱ्यासाठी जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स 1965 ते 1988 याच कॉनयर्सच्या डेट्रॉइट कार्यालयात काम करत होत्या. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि चारच दिवसांत कॉनयर्सनी त्यांच्या जन्मदिनाच्या राष्ट्रीय सुट्टीचं विधेयक मांडलं. कायदा व्हायला 1983 उजाडलं. 1971 साली काँग्रेसमधल्या कृष्णवर्णीय सदस्यांचा गट उभा राहिला त्याचे पहिले अध्यक्ष डिग्ज. 1980 ला डिग्जच्या जागी जॉर्ज क्रॉकेट आले, मग बार्बरा-रोझ कॉलिन्स, कॅरोलिन चीक्स किलपॅट्रिक...

आणि 2022 मध्ये काय झालं? जागा रिकामी, डेमोक्रॅटिक प्राथमिक फेरीत नऊ उमेदवार, त्यांतले बहुतेक कृष्णवर्णीय. ठाणेदारांनी स्वतःच्या खिशातले लाखो डॉलर ओतले आणि सुमारे 28 टक्के मतांवर उमेदवारी जिंकली. डेट्रॉइटमध्ये ती जिंकली की नोव्हेंबरची निवडणूक हा उपचार असतो. 1955 च्या जानेवारीपासून पहिल्यांदाच, चारातले तीन लोक कृष्णवर्णीय असलेल्या या शहराला काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही.

माझं मत सरळ आहे. कायद्याने त्यांना पूर्ण हक्क होता. तरी ही जागा त्यांनी लढवायला नको होती. ॲन आर्बर सोडून डेट्रॉइटला येऊन त्यांना तेव्हा तीनेक वर्षं झाली होती. मराठी माणूस म्हणून आपण टाळ्या वाजवताना त्या शहराने काय गमावलं याची निदान नोंद घ्यावी.

सातबारा

जागा कुणाच्या सातबाऱ्यावर नसते, हे या नावाने लिहिणाऱ्याला सांगावं लागतंय.

दूधगंगाताई, तुमची वंशावळ वाचायला छान आहे, पण तुम्ही देव्हाऱ्यातले फोटो तेवढे पुसलेत. डिग्ज कर्मचाऱ्यांचे पगार फुगवून त्यातला पैसा स्वतःच्या खर्चासाठी वळवत होते. 1978 मध्ये दोषी ठरले, 1979 मध्ये सभागृहाने त्यांचा जाहीर निषेध केला, 1980 ला राजीनामा. कॉलिन्सबाईंच्या मागे आचारसंहिता समितीची चौकशी लागली आणि 1996 ला पक्षातच हरल्या. किलपॅट्रिकबाईंचे चिरंजीव क्वामे हे डेट्रॉइटचे महापौर, ते पुढे भ्रष्टाचारात दोषी ठरून तुरुंगात गेले हे जगाला ठाऊक आहे. कॉनयर्सच्या पत्नी नगर परिषदेवर होत्या, त्यांनी 2009 मध्ये लाच घेतल्याची कबुली दिली. खुद्द कॉनयर्स बावन्न वर्षं बसले आणि 2017 च्या डिसेंबरात लैंगिक छळाच्या आरोपांनंतर पायउतार झाले. जाता जाता काय केलं? मुलाच्या नावाची शिफारस. पुढच्या वर्षी पुतण्याचा मुलगाही त्याच जागेसाठी उभा. आपल्याकडे हेच कुणी केलं की तुम्हीच घराणेशाही म्हणून धागे काढता.

‘बाहेरचा’ हा मुद्दा तर मराठी माणसाने काढूच नये. आपले मधु लिमये पुण्याचे. 1964 च्या पोटनिवडणुकीत बिहारातल्या मुंगेरने त्यांना निवडून दिलं, 1967 ला पुन्हा दिलं, नंतर बांकाने 1973 आणि 1977 ला दिलं. बिहारी मतदाराने विचारलं नाही की बाबा तुझी जात काय, बोली काय. तेव्हा आपल्याला केवढा अभिमान.

आणि ज्या डेट्रॉइटबद्दल तुम्ही अश्रू ढाळताय, त्याच शहराने 2013, 2017 आणि 2021 असा तीन वेळा माइक डग्गन हा गोरा महापौर निवडला. त्यातल्या 2013 च्या प्राथमिक फेरीत तर त्यांचं नाव मतपत्रिकेवर छापलेलं नव्हतं, लोकांनी हाताने लिहून मत दिलं. त्या मतदारांना कळतं त्यांना काय हवंय.

खवचट

पेढे बेळगावचे, मतं डेट्रॉइटची, भांडण आपलं. चालू द्या.

नोव्हीकर

मी डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो, तेराव्यात नाही. थोडं जमिनीवरचं लिहितो, कारण वर दोघांनीही ‘जागा’ म्हणजे एक खुर्ची असल्यासारखं लिहिलंय.

मिशिगनच्या वाट्याला 1970 च्या दशकात काँग्रेसच्या 19 जागा होत्या. दर जनगणनेनंतर त्या घटत गेल्या: 18, 16, 15, 14, आता 13. जागा घटली की आकडे बदलतात, रेषा बदलतात. कॉनयर्सचं उदाहरण घ्या. त्यांनी डेट्रॉइट सोडलं नाही, पण आधी ते ‘पहिल्या’चे खासदार, 1993 पासून ‘चौदाव्या’चे, 2013 पासून ‘तेराव्या’चे. कॉलिन्सबाई तेराव्यातून गेल्या आणि पंधराव्यातून हरल्या. डेट्रॉइटची वस्ती 1950 मध्ये साडेअठरा लाख होती, 2020 मध्ये 6 लाख 39 हजार. शहर आटत गेलं तसा मतदारसंघ पोट भरायला उपनगरांत हातपाय पसरत गेला. आजच्या तेराव्यात डेट्रॉइटचा मोठा भाग आहे, हॅमट्रॅमिक आहे, हायलँड पार्क आहे, पण टेलर, रोम्युलस, लिंकन पार्कही आहे, आणि तळ्याकाठचं श्रीमंत ग्रोस पॉइंटसुद्धा. डिग्जच्या वेळचा तेरावा आणि हा तेरावा यांत नाव सोडून फार थोडं सारखं आहे.

दुसरं. साखळी ठाणेदारांनी तोडली असं म्हणायचं असेल तर ‘शहराची’ म्हणा, ‘तेराव्याची’ नका म्हणू. तेरावा 2019 पासून रशीदा तलैब यांच्याकडे होता. पॅलेस्टिनी आईबापांची मुलगी, नैर्ऋत्य डेट्रॉइटमध्ये वाढलेली. तेव्हा आरडाओरडा कमी झाला, कारण शहराचा बाकीचा भाग चौदाव्यात होता आणि तिथे कृष्णवर्णीय ब्रेंडा लॉरेन्स होत्या. 2022 मध्ये लॉरेन्सबाईंनी थांबायचं ठरवलं, नव्या नकाशात तलैब बाराव्यात गेल्या, म्हणून तेरावा मोकळा झाला.

तलैब कशा आल्या ती गोष्ट सांगण्यासारखी आहे. कॉनयर्स डिसेंबर 2017 मध्ये गेले. राज्यपालांनी पोटनिवडणूक थेट नोव्हेंबर 2018 ला ठेवली, म्हणजे जवळपास वर्षभर जागा रिकामी. ऑगस्ट 2018 मध्ये एकाच दिवशी दोन प्राथमिक फेऱ्या झाल्या: एक उरलेल्या काही आठवड्यांसाठी, दुसरी पुढच्या दोन वर्षांसाठी. मतदारसंघ तोच, मतदार तेच. काही आठवड्यांच्या फेरीत चार उमेदवार होते, तिथे डेट्रॉइट नगर परिषदेच्या कृष्णवर्णीय अध्यक्षा ब्रेंडा जोन्स जिंकल्या. दोन वर्षांच्या फेरीत सहा होते, तिथे तलैब जिंकल्या, सुमारे 31 टक्क्यांवर, जोन्सबाईंपेक्षा हजाराहूनही कमी मतांनी पुढे. जास्तीच्या दोघांत एक होते कोलमन यंग (द्वितीय), डेट्रॉइटच्या पहिल्या कृष्णवर्णीय महापौरांचे चिरंजीव. त्यांनी बारा-तेरा टक्के नेले. जोन्सबाई नोव्हेंबरअखेरीस शपथ घेऊन जानेवारीच्या 3 तारखेला घरी.

म्हणजे ठाणेदार या मतफुटीच्या रोगाचं लक्षण असतील, कारण नाहीत.

दूधगंगा

@सातबारा, डिग्जचं मी झाकलं नाही, लांबी वाढली म्हणून सोडलं. पण तुम्ही त्या गोष्टीतला अर्धा भाग सोडलात. ऑक्टोबर 1978 मध्ये ते दोषी ठरले आणि नोव्हेंबर 1978 मध्ये त्याच मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं. ते मतदार बावळट होते का? त्यांना माहीत होतं की हा माणूस पैशाला कच्चा आहे, आणि हेही माहीत होतं की समनरला तोच गेला होता. ‘प्रतिनिधी’ या शब्दाचा भार तिथे वेगळा आहे एवढंच मी म्हणतेय.

आणि देव्हाऱ्यातला जो एक फोटो तुम्ही वगळलात तो क्रॉकेट यांचा. वकील असताना कम्युनिस्ट पुढाऱ्यांचा बचाव केला आणि न्यायालयाच्या अवमानाबद्दल चार महिने तुरुंगात काढले. पुढे न्यायाधीश झाले. 1969 मध्ये न्यू बेथेल चर्चबाहेर गोळीबारात एक पोलीस मेला, पोलिसांनी चर्चमधल्या दीडशेच्या आसपास माणसांना सरसकट उचललं. क्रॉकेट सकाळी पोलीस मुख्यालयात गेले, तिथेच कोर्ट भरवलं आणि लोकांना सोडायला सुरुवात केली. शहरातल्या गोऱ्यांनी त्यांना हटवा म्हणून मोहीम चालवली. हा माणूस सत्तरी ओलांडल्यावर तेराव्यातून काँग्रेसवर गेला. त्यांच्यावर कुठला पगारघोटाळा लावणार?

मधु लिमयांचं उदाहरण तर तुमच्यावरच उलटतं. लिमये मुंगेरला गेले ते समाजवादी चळवळीचं बोट धरून, लोहियांच्या माणसांत राहून. स्वतःच्या पैशाने टीव्हीवर जाहिराती विकत घेऊन नव्हे.

पिंपळपान

लिमये आठवले तर कृष्ण मेननही आठवू देत. केरळचा माणूस, 1957 आणि 1962 ला उत्तर मुंबईतून खासदार. 1967 ला आपल्याकडच्या काँग्रेस पक्षाने तिकीट नाकारलं, अपक्ष उभे राहिले, आणि वर्षभरापूर्वी जन्मलेल्या शिवसेनेने ‘हा बाहेरचा’ म्हणून रान उठवलं. स. गो. बर्वे जिंकले. बर्वे लगेच वारले, पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे उभ्या राहिल्या, मेनन पुन्हा हरले. त्या प्रचारातलं वाक्य न् वाक्य 2022 च्या डेट्रॉइटमध्ये ठाणेदारांविरुद्ध चाललं असतं. तेव्हा दोन्ही डगरींवर पाय ठेवू नका: मेनन बाहेरचे असतील तर ठाणेदारही बाहेरचे, आणि ठाणेदार चालतात तर मेननही चालायला हवे होते.

मला मात्र व्यक्तींपेक्षा नकाशा महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे अनुसूचित जातींसाठी जागा राखीव असते: उमेदवार त्या समाजातलाच, मत मात्र सगळ्यांनी द्यायचं. अमेरिकेत राखीव जागा हा प्रकारच नाही. तिथे 1965 च्या मताधिकार कायद्याचा आधार घेऊन रेषा अशा आखल्या गेल्या की काही मतदारसंघांत अल्पसंख्याक समाजच बहुसंख्य असेल. मग त्यांना हवा तो माणूस ते निवडू शकतील. उमेदवारावर बंधन काहीच नाही. 2011 च्या नकाशात डेट्रॉइटभोवती असे दोन मतदारसंघ होते, तेरावा आणि चौदावा.

2018 मध्ये मिशिगनच्या मतदारांनी सार्वमताने रेषा आखण्याचं काम आमदारांकडून काढून नागरिकांच्या आयोगाला दिलं. तेरा सदस्य: चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन, पाच दोन्हींत नसलेले. हेतू चांगलाच होता, राजकारण्यांनी स्वतःचे मतदार स्वतः निवडू नयेत. या आयोगाने कृष्णवर्णीय मतदार ‘कोंबलेले’ आहेत असं मानून त्यांना उपनगरांत पसरवलं. नव्या बाराव्यात आणि तेराव्यात, दोन्हीकडे त्यांचं प्रमाण निम्म्याच्या खाली आलं. ते डेट्रॉइटच्या आमदारांना दिसत होतं, ते राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले, पदरात काही पडलं नाही. ठाणेदारांनी अर्ज भरायच्या आधीच खेळ बराचसा झाला होता.

सातबारा

आणि पुढे केंद्रीय न्यायालयाने तोच नकाशा रद्द केला, तरी ठाणेदारांची जागा शाबूत राहिली. म्हणजे न्यायालयालाही त्यांच्या जागेत काही वावगं दिसलं नाही.

पिंपळपान

दोन नकाशांची सरमिसळ करताय. डिसेंबर 2023 च्या त्या निकालाने डेट्रॉइट परिसरातले राज्य विधिमंडळाचे तेरा मतदारसंघ रद्द झाले, वंशाच्या आधारावर आखले म्हणून. काँग्रेसचे मतदारसंघ त्या खटल्यात नव्हतेच. जे न्यायालयासमोर आलं नाही त्यावर त्याने शिक्का मारला असं कसं म्हणता? आणि आयोग तोच, रेषा ओढायची पद्धत तीच.

नोव्हीकर

त्यात भर. 2022 मध्ये मतफूट होणार हे सगळ्यांना आधीच दिसत होतं. वेन काउंटीचे प्रमुख वॉरेन इव्हान्स यांच्या पुढाकाराने शहरातल्या कृष्णवर्णीय नेत्यांची एक समिती बसली, सगळ्यांनी मिळून एकाच्या मागे उभं राहायचं म्हणून. त्यांनी राज्य सिनेटर ॲडम हॉलियर यांना निवडलं. महापौर डग्गनही त्यांच्याच बाजूने. पण मावळत्या खासदार लॉरेन्सबाईंनी पोर्शिया रॉबर्सन यांना पाठिंबा दिला, आणि बाकीच्यांपैकी कुणी मागे हटेना. आपल्याकडे बंडखोरांचे अर्ज मागे घ्यायला शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत जी पळापळ चालते ती आठवा. इथे तर मतपत्रिकेवर कॉनयर्सचे चिरंजीव जॉन कॉनयर्स (तृतीय) हेही होते. निकाल: ठाणेदार 28, हॉलियर 23, रॉबर्सन 17 च्या आसपास.

@दूधगंगा, खिशातल्या पैशाबद्दल लिहिलंत तर दुसऱ्या बाजूच्या पैशाबद्दलही लिहा. इस्रायल-समर्थक गटाच्या निवडणूक निधीने हॉलियरसाठी चाळीस लाख डॉलरच्या आसपास ओतले. क्रिप्टोवाल्यांचा पैसा आला तो वेगळा. त्यातलं डेट्रॉइटचं किती?

उंबरठा

मुळात हा धागा मला पटत नाही. मी भारतीय वंशाची, अमेरिकेत वाढलेली. ‘ही जागा तुमच्या लोकांची नाही’ हे आम्ही शाळेच्या विद्यार्थी-निवडणुकीपासून ऐकतोय. उद्या एखाद्या गोऱ्या बहुसंख्य मतदारसंघात कुणी म्हणालं की इथे ब्राऊन माणसाने उभं राहू नये, तर तुम्हीच पेटून उठाल. तत्त्व एकच लावा.

शिवाय मिशिगनमधला कृष्णवर्णीय आवाज संपला असंही नाही. 2022 लाच शेजारच्या दहाव्यातून जॉन जेम्स आले, ते कृष्णवर्णीय आहेत.

आणि एक गोष्ट तुम्ही कुणी लिहिली नाही. 2011 ते 2013 या जागेवर हॅन्सन क्लार्क होते. त्यांचे वडील आजच्या बांगलादेशातून आलेले, आई आफ्रिकी-अमेरिकी. दक्षिण आशियाई आडनावाशिवायचा दक्षिण आशियाई माणूस ठाणेदारांच्या आधी दहा वर्षं तिथे बसून गेला.

दूधगंगा

@उंबरठा, तत्त्व एकच लावायचं तर आधी दोन्ही बाजूंची परिस्थिती एकसारखी पाहिजे. गोऱ्यांना काँग्रेसमध्ये प्रतिनिधी मिळावा म्हणून कायदा करावा लागला नाही.

जॉन जेम्स रिपब्लिकन आहेत आणि त्यांचा मतदारसंघ वॉरन, स्टर्लिंग हाइट्सकडचा, बहुसंख्य गोरा. डेट्रॉइटच्या लोकांनी त्यांना निवडलेलं नाही. नुसता चेहरा हवा असता तर माझं समाधान झालं असतं. मी म्हणतेय तो मुद्दा हा, की एखादा समाज स्वतःच्या मतांच्या जोरावर स्वतःचा माणूस पाठवू शकतो की नाही.

क्लार्क यांचं उदाहरण सुंदर आहे, आभार. पण ते डेट्रॉइटमध्येच जन्मले, आईने एकटीने वाढवले, बरीच वर्षं आमदार होते, आणि मग आले. मी जन्माबद्दल बोलतच नाहीये, मुळांबद्दल बोलतेय. ठाणेदार 2018 मध्ये राज्यपालपदासाठी उभे राहिले, प्राथमिक फेरीत तिसरे आले, पण डेट्रॉइटमध्ये भरघोस मतं पडली. मग ते डेट्रॉइटला राहायला आले आणि 2020 ला तिथून आमदार झाले. आधी मतं दिसली, मग घर बदललं. हे राजकारण म्हणून चोख आहे. पेढे वाटण्यासारखं आहे का?

सातबारा

आहे. इंदिरा गांधी चिकमगळूरला गेल्या तेव्हा तिथे काय मुळं होती? सुरक्षित जागा शोधणं हा गुन्हा नव्हे.

आणि ‘लोकांनी निवडलं नाही, मतफुटीने आले’ हे रडगाणं 2024 ला संपायला हवं होतं. तिघांत लढत झाली. नगर परिषदेवरच्या मेरी वॉटर्स, शकीरा हॉकिन्स आणि ठाणेदार. ठाणेदारांना निम्म्याहून अधिक, 55 टक्क्यांच्या आसपास मतं पडली. वॉटर्सबाईंना 34 च्या आसपास. आता बेरीज कशीही करा, दोघींची मिळूनही कमीच भरते. दोन वर्षं काम बघून लोकांनी शिक्का मारला.

खवचट

शिक्का नाही हो, तिकडे गोल रंगवतात.

गणिती

मी फक्त यादी बघतोय. 1955 पासून या घराण्यातले (आकडा तेरा असो, चौदा असो की पंधरा) कोण कसं गेलं?

डिग्ज राजीनाम्याने. कॉलिन्स प्राथमिक फेरीत हरून, 1996. किलपॅट्रिक प्राथमिक फेरीत हरून, 2010. क्लार्क 2012 ला शेजारच्या मतदारसंघात प्राथमिक फेरीत हरून. कॉनयर्स राजीनाम्याने. जोन्स पाच आठवड्यांत. तलैब दुसऱ्या मतदारसंघात. सन्मानाने ‘आता पुरे’ म्हणून उठलेले तेराव्यातून एकटे क्रॉकेट, 1991 च्या सुरुवातीला, वय 81. चौदाव्यातल्या लॉरेन्सबाई दुसऱ्या.

आणि ज्यांनी सुरुवात केली ते डिग्ज? विद्यमान खासदाराला पक्षातच पाडून आले. कॉनयर्स? 1964 च्या गर्दीच्या प्राथमिक फेरीत शंभरेक मतांनी. तो ‘वारसा’ही मतफुटीच्या पोटीच जन्मला आहे. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या जपलेली गादी, हे चित्र दूधगंगांनी रंगवलंय तसं मला दिसत नाही. इथले मतदार आपल्या खासदाराला घरी पाठवायला अजिबात लाजत नाहीत. ठाणेदार नको असतील तर त्यांनाही पाठवतील.

सातबारा

गणिती, टाळ्या. हाच मुद्दा मी तीन प्रतिसादांत मांडू शकलो नाही.

नोव्हीकर

यादी बरोबर आहे, निष्कर्ष अर्धाच. 2008 घ्या. मुलगा क्वामे महापौरपदावर असताना खटल्यात अडकलेला, किलपॅट्रिकबाईंविरुद्ध संतापाची लाट. प्राथमिक फेरीत त्यांना 39 टक्केच मतं मिळाली. 61 टक्के लोकांना त्या नको होत्या. तरी वाचल्या, कारण विरोधात दोघी होत्या: एकीला 36, दुसरीला 25. त्या 36 टक्केवाल्या कोण? याच मेरी वॉटर्स, ज्या 2024 ला ठाणेदारांसमोर होत्या. 2010 ला क्लार्क पुढे आले, विरोधातली मतं बरीचशी त्यांच्यामागे एकवटली, तेव्हा कुठे बाई पडल्या. ‘नको असतील तर पाठवतील’ हे खरं, पण समोर एकच असेल तर.

मिशिगनमध्ये दुसरी फेरी नाही. दक्षिणेतल्या जॉर्जियासारख्या राज्यांत निम्मी मतं मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत पुन्हा लढत होते. इथे 28 ला जिंकलात की जिंकलात. शिवाय मतदाराने पक्ष नोंदवायचा नसतो. ग्रोस पॉइंटचा पक्का रिपब्लिकनही डेमोक्रॅटिक प्राथमिक फेरीत मत टाकू शकतो.

2024 च्या 55 टक्क्यांबद्दलही एक तळटीप. हॉलियर पुन्हा उभे राहणार होते. उमेदवारीला एक हजार वैध सह्या लागतात, तपासणीत त्यांच्या 863 च वैध निघाल्या. अनेक सह्या बनावट असल्याचा संशय, गोळा करणाऱ्यांचा उद्योग. नाव मतपत्रिकेवरून उडालं. ठाणेदारांचा त्यात दोष शून्य, त्यांनी आक्षेप घेतला तो बरोबरच ठरला. पण सगळ्यात तगडा प्रतिस्पर्धी मैदानातच नव्हता हे 55 टक्क्यांसोबत वाचा.

उंबरठा

हजार सह्या गोळा करता येत नाहीत त्याने पावणेआठ लाख लोकांचं प्रतिनिधित्व करावं असं म्हणायचंय का?

नोव्हीकर

नाही. म्हणूनच दोष शून्य लिहिलं.

दूधगंगा

@गणिती, डिग्ज आणि ओब्रायनची तुलना मला मान्य आहे, पण दिशा बघा. 1954 ला ज्यांना कधी कुणी पाठवलं नव्हतं त्यांनी पहिल्यांदा आपला माणूस पाठवला. 2022 ला त्याच लोकांची मतं आठ जणांत वाटली गेली. गणितात दोन्ही ‘प्राथमिक फेरीतला विजय’च.

एकाच्या मागे एकवटण्याचा प्रयोग पुन्हा सुरू झाला. डोनावन मॅकिनी या डेट्रॉइटच्या तरुण आमदारांनी 2025 मध्ये ठाणेदारांविरुद्ध उमेदवारी जाहीर केली, सिनेटर बर्नी सँडर्सनी त्यांना पाठिंबा दिला. त्याच सुमारास ठाणेदारांनी ट्रम्प यांच्यावर महाभियोगाचे ठराव दाखल केले, मतदानाला लावायची घोषणा केली आणि स्वपक्षीयच नाराज झाल्यावर आग्रह सोडला. तो ठराव तत्त्वासाठी होता की प्राथमिक फेरीसाठी, यावर ज्याचं त्याचं मत.

आमच्या ग्रुपवर त्या ठरावाची बातमी ‘बेळगावच्या सुपुत्राने ट्रम्पला धडकी भरवली’ अशी आली होती. मॅकिनींचं नाव तिथे अजून कुणी लिहिलेलं नाही. मी उद्या लिहिणार आहे.

सातबारा

लिहा. ग्रुपमधून काढलं तर इकडे या, इथे भांडायला जागा आहे.